आजोबांचं नाव नक्की काय होतं? किसन, कृष्णा आणि जुन्या नोंदी वाचण्याबद्दल

माझ्या आजोबांचं नाव काय होतं, या साध्या प्रश्नाला आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत चार उत्तरं आहेत.

पहिला कागद म्हणजे निजामाच्या काळातली सारा भरल्याची पावती. उर्दूत आहे, साल १३५५ फसली. (तुम्हाला मराठवाड्यातले जुने कागद वाचायचे असतील तर हे लक्षात ठेवा : दख्खनच्या फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. म्हणजे ही पावती १९४५-४६ ची.) त्यावरचं नाव 'किशन' असं वाचता येतं. दुसरा कागद जमिनीचा जुना उतारा, त्यावर 'किसन'. तिसरं मतदार यादीचं एक पान, १९७० च्या दशकातलं, का कोण जाणे जपून ठेवलेलं. त्यावर 'कृष्णा'. चौथं बँकेचं पासबुक. त्यावर रोमन अक्षरांत के-आर-यू-एस-एच-एन-ए, म्हणजे 'क्रुष्णा'.

आजोबांना सही येत नव्हती. ते अंगठा करायचे. म्हणजे या चारही कागदांवरचं नाव त्यांनी स्वतः लिहिलेलं नाही, चौघांनी चार वेळा लिहिलं. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला पीएचडीची दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे लिहितेय.

आमचं गाव जाफराबाद तालुक्यात, पूर्णेच्या काठाला. जाफराबाद म्हणजे जालना जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. पूर्णा आणि केळणा या नद्यांचा संगम इथे आहे. पलीकडे चिखली-देऊळगाव राजाकडे निघालं की लगेच बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. नकाशावर ही नुसती जिल्ह्याची रेष दिसते, पण १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि आमची बाजू निजामाकडेच राहिली. म्हणजे त्यानंतर जवळपास शंभर वर्षं या रेषेच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या सरकारांचे कारकून नावं लिहीत होते. आमच्याकडे आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९८१ ला औरंगाबादमधून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. आजोबा एकाच घरात राहिले, कचेऱ्या मात्र बदलत गेल्या.

मी मूळची इतिहासाची नाही. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलं. पीएचडीचा विषय असा की वेगवेगळ्या जुन्या नोंदींत आलेला माणूस एकच आहे की दोन, हे कसं ठरवायचं. याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात. सुरुवातीला वाटलं, हे तर कम्प्युटरचं काम आहे. दोन नावं द्यायची, त्यांच्यातलं अंतर मोजायचं, कमी आलं की माणूस एक.

चला, करून बघू. वही-पेन घ्या, कम्प्युटर नको.

साउंडेक्स नावाची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत १९१८ साली तिचं पेटंट घेतलं गेलं, पुढे तिथल्या जनगणनेच्या याद्या लावायलाही ती वापरली. नियम सोपा : नावाचं पहिलं रोमन अक्षर ठेवायचं, स्वर आणि एच-वाय-डब्ल्यू सोडून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. एसला २, एम आणि एनला ५, आरला ६. तीन आकडे भरले नाहीत तर शून्य लावायचे. आता 'कृष्णा' रोमनमध्ये लिहा, 'क्रिष्णा' किंवा 'क्रुष्णा' कसंही. कोड येतो के-६२५. 'किसन'चा येतो के-२५०. म्हणजे यंत्राच्या मते किसन आणि कृष्णा दोन वेगळी माणसं. बरं, एक वेळ मान्य. आता 'कासिम' लिहून बघा. के, मग एसचे २, एमचे ५. के-२५०. किसन आणि कासिम एकच!

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हसले, कारण ज्या तालुक्याचं नावच जाफरवरून आहे तिथे किसनभाऊ आणि कासिमभाई एकाच बांधावर भेटणार, हे ठरलेलंच. पण हसून झाल्यावर पोटात गोळा आला. दोन शेजाऱ्यांच्या जमिनी माझा प्रोग्राम एकाच्या नावावर करत होता, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन माणसांत वाटत होता.

मग वाटलं, रोमन लिपीचाच दोष असेल, देवनागरीत मोजू. लेव्हेन्श्टाइन अंतर म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात तो आकडा. 'किसन'चं 'कृष्ण' करायला चार बदल लागतात : इकाराचा ऋकार, स चा ष, एक हलन्त घालायचा, न चा ण. आणि 'किसन'चं 'किरण' करायला? फक्त दोन. 'किसान' करायला एक. म्हणजे देवनागरीतही माझे आजोबा कृष्णापेक्षा किरणच्या जास्त जवळ.

इथे बरेच जण एक गोष्ट करतात. मीही केली. एक तक्ता बनवायचा : किसन = किशन = कृष्णा = कृष्णाजी = कान्हा, सगळ्यांच्या जागी 'कृष्ण' लिहायचं, आणि याला 'डेटा साफ करणं' म्हणायचं. संस्कृत मूळ एक, बाकी सगळे अपभ्रंश, काम संपलं. सिनॉप्सिसमध्ये मी हे तीन ओळींत लिहिलं होतं. माझ्या गाइडनी समासात फक्त एवढंच लिहिलं : "कोणी लिहिलं?"

मला प्रश्नच कळला नाही. तो कळला तो आजीमुळे.

आजीला मी मतदार यादीचं पान दाखवून विचारलं, की इथे आजोबांचं नाव कृष्णा कसं? सगळा गाव तर किसनच म्हणायचा. ती म्हणाली, "मीच सांगितलं की." झालं असं होतं की यादीवाले दुपारी आले, आजोबा शेतात, घरात आजी एकटी. त्यांनी विचारलं, मालकाचं नाव काय? आता आजीच्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. नाव घ्यायचं ते उखाण्यात, लग्नाकार्यात, चार बायांनी अडवल्यावर. दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कसं सांगणार? शेजारीणही घरी नव्हती. मग आजी म्हणाली, "देवकीच्या लेकराचं नाव हाये ना भाऊ, तेच लिव्हा."

त्या माणसाने कोडं बरोबर सोडवलं. देवकीचं लेकरू म्हणजे कृष्ण. त्याने लिहिलं 'कृष्णा'. आजीने 'किसन' असा उच्चार केलाच नाही, त्यामुळे त्याच्यापर्यंत नावाचा अर्थ पोचला, आवाज पोचलाच नाही. 'किसन' ते 'कृष्णा' हा फरक कुणाच्या चुकीने पडलेला नाही, ना कुणी मुद्दाम शुद्ध केलेला आहे. एका बाईने रीत पाळली आणि एका कारकुनाने आपली पुराणं बरोबर आठवली, एवढंच.

आता सांगा, कुठलं सूत्र हे पकडणार आहे?

त्या दिवसापासून मी नाव वाचायची सवय बदलली. नोंदीतलं नाव त्या माणसाबद्दल जितकं सांगतं, त्याहून जास्त ते लिहिणाऱ्याबद्दल सांगतं. त्याची भाषा, त्याची लिपी, त्याचं शिक्षण, आणि त्याला ते नाव कुणाच्या तोंडून ऐकू आलं. हे डोक्यात ठेवून याच नावाचा जुना इतिहास बघितला तर तो वेगळाच दिसायला लागतो.

महाराष्ट्रात हे नाव कोरीव लेखात येतं ते 'कृष्ण' म्हणून नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांत १९ क्रमांकाचं लेणं आहे, सातवाहनांच्या काळातलं, बहुतेकांच्या मते इसवी सनापूर्वीचं. ते नाशिकच्या एका श्रमण महामात्राने करवलं, आणि तेव्हाचा राजा कोण, तर 'कन्हे राजिनि', म्हणजे कन्ह राजा असताना. हाच राजा पुराणांतल्या वंशावळीत येतो तेव्हा तो 'कृष्ण' असतो, सिमुकाचा भाऊ. राजा एक. लेण्याचा लेख प्राकृतात म्हणून कन्ह, पुराणं संस्कृतात म्हणून कृष्ण. आपण वर्गात 'कृष्ण सातवाहन' शिकतो. त्याच्या काळच्या दगडावर मात्र तसं लिहिलेलं नाही.

तसंच कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याचं. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचं नाव आहे : कण्हदास, व्यवसायाने सोनार. माझ्यासाठी हा माणूस सातवाहन राजापेक्षा महत्त्वाचा, कारण तो राजा नाही. हातात हत्यार धरणारा कारागीर कण्हदास आहे, म्हणजे नाव सामान्यांच्या घरात पोचलेलं होतं. आणि हा मुलूख आमच्यापासून फार लांबचा नाही. जाफराबादच्या वरच्या अंगाला, त्याच केळणा नदीवर भोकरदन आहे. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावं भेटतात. आपण ज्याला कोपऱ्यातला तालुका म्हणतो, तो तेव्हा व्यापाराच्या वाटेवर होता. (भोकरदनला उत्खननही झालंय. तुमच्यापैकी कुणी पुरातत्त्वात जाणार असेल तर तो अहवाल ग्रंथालयातून काढून वाचा.)

एक छोटी गंमत इथेच सांगते. प्राकृतात नाव असेल तर 'कण्ह', पण काळा रंग म्हणायचा असेल तर 'कसण' किंवा 'कसिण' अशी वेगळी रूपंही होती. हेमचंद्राने बाराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात हा फरक नोंदवलाय. संस्कृतातला एकच शब्द, पण अर्थाप्रमाणे दोन वाटांनी गेला. म्हणजे 'मूळ एक म्हणून सगळं एक' हे तेव्हाच्या व्याकरणकारालाही मान्य नव्हतं. मला मात्र एक्सेलच्या तक्त्यात ते एक करायचं होतं!

पुढचं भराभर सांगते. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या काळातलं म्हणून सांगतात तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठव्या शतकातला. संस्कृत ताम्रपटात कृष्णराज. याच घराण्यातला दहाव्या शतकातला तिसरा कृष्ण कानडी आणि तमिळ लेखांत कन्नरदेव आहे. मग तेराव्या शतकात देवगिरीचा यादव कृष्ण. त्याच्याच राज्यात १२५८ साली जल्हणाची 'सूक्तिमुक्तावली' झाली. संस्कृतात तो कृष्ण. मराठीत मात्र तो कान्हरदेव. लीळाचरित्रात लोणारला हा कान्हरदेव चक्रधरस्वामींच्या भेटीला येतो. आमच्या भागात महानुभावांची ठाणी बरीच, जाळीचा देव आमच्या जिल्ह्यातलाच, त्यामुळे या गोष्टी लहानपणी कानावर पडलेल्या. पण कान्हरदेव म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला 'कृष्ण यादव', हे मला एम.एस्सी. झाल्यावर कळलं. दोन डबे डोक्यात वेगवेगळे होते.

आता १६५९. प्रतापगडचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातली नावं पुन्हा वाचा. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. शिवाजी महाराजांच्या बाजूने उभा राहिलेला मावळातला देशमुख कान्होजी जेधे. एकाच घटनेत, दोन बाजूंना, दोन माणसं, आणि दोघांचं नाव मुळात एकच! एक ब्राह्मण, लेखणीचा माणूस, तो कृष्णाजी. दुसरा मराठा देशमुख, तो कान्होजी. पुढे आरमाराचे आंग्रेही कान्होजीच, आणि बखर लिहिणारे सभासद कृष्णाजी अनंत.

हे बघून मी लगेच तक्त्यात एक नवा नियम घातला : कृष्णाजी असेल तर ब्राह्मण, कान्होजी असेल तर मराठा. संशोधनाला नवीन असलेल्या माणसाला नियम सापडला की तो किती खूश होतो, तुम्हाला कळेलच. दोन दिवस टिकला. जावळीच्या मोऱ्यांत कृष्णाजी निघाले. पुढच्या काळात सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु' काढणारे कृष्णराव भालेकर आहेत, शिवचरित्रकार कृष्णराव अर्जुन केळूसकर आहेत. दोघेही ब्राह्मण नव्हेत. कल दिसतो हे खरं, पण कल म्हणजे नियम नाही. आणि कलावरून एखाद्या माणसाची जात ठरवायला निघालात तर तुम्ही इतिहास लिहीत नाही, अंदाज लिहिताय. नावावरून जात ओळखणारे प्रोग्राम आज लोक खरंच बनवतात. त्यांनी आधी या मोऱ्यांना भेटावं.

राहिला 'किसन'. माझा सगळ्यात मोठा मोह इथे होता, आणि सगळ्यात मोठी फजितीही.

मराठीत आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो. कृष्ण लिहितो, म्हणतो 'क्रुष्ण'. म्हणून तर बँकेच्या पासबुकात यू आलाय. हिंदीकडे तोच ऋ 'रि' होतो. जुन्या बदलांतही हे दिसतं : संस्कृत मृत्तिका, मराठीत माती, हिंदीत मिट्टी. मग 'किसन'मधला इकार मराठी कसा? तो बाहेरून आला असणार. कुठून? आमच्याकडे तर उत्तर समोरच होतं : निजामाचं राज्य. हैदराबादचे पंतप्रधान महाराजा किशन परशाद, उर्दूत 'शाद' नावाने शायरी करणारे. नाव तेच, रूप 'किशन'. पेटीतल्या पावतीवरही किशन. झालं! उर्दू कचेरीने कृष्णाचं किशन केलं, लोकांनी किशनचं किसन केलं. मराठवाड्याच्या नावांवर निजामी कारभाराचा ठसा. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं.

सहा महिने मी हे घेऊन फिरत होते. मग एका चर्चासत्रात चहा पिताना साताऱ्याच्या एका मुलीने विचारलं, "मग आमचे किसन वीर?" स्वातंत्र्यसैनिक, वाई भागातले, ज्यांच्या नावाने साखर कारखाना आहे. साताऱ्यात निजाम कुठला? मी गप्प. नंतर खोलीवर येऊन यादी केली. नागपूरकडचे दलित चळवळीतले किसन फागूजी बनसोडे, जन्म १८७९. अण्णा हजारे, मूळ नाव किसन बाबुराव, नगर जिल्ह्यातले. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे माझं स्वतःचं आजोळ चिखली तालुक्यात, १८५३ पासून इंग्रजी अमलात गेलेल्या भागात, आणि तिथल्या सोयऱ्यांतही किसन आहेतच. पूर्णा ओलांडली की माझं गृहीतक संपत होतं, आणि मी दर दिवाळीला पूर्णा ओलांडून मामाकडे जात होते.

भाषेचा पुरावाही मी वाटतो तितका तपासला नव्हता. ऋ चा मराठीत इ होतच नाही असं मी गृहीत धरलं होतं. मग विंचू कुठून आला? वृश्चिकापासून. शिंग? शृंगापासून. दोन्ही अस्सल मराठी, दोन्हींत इकार. मातीचं उदाहरण मला सोयीचं होतं म्हणून मी ते घेतलं, विंचवाचं गैरसोयीचं म्हणून दिसलं नाही.

मग त्या उर्दू पावतीचं काय? ती मी एका निवृत्त उर्दू शिक्षकांना पुन्हा दाखवली. त्यांनी जे दाखवलं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी होतं. नाव तीन अक्षरांचं : काफ, शीन, नून. मधला ऱ्हस्व इ लिहिलेलाच नाही, उर्दूत तो सहसा लिहीत नाहीत. म्हणजे कागदावर फक्त क-श-न आहे, 'किशन' हे वाचणारा पूर्ण करतो. आणि सीन व शीन यांत फरक फक्त वरच्या तीन नुक्त्यांचा. घाईत लिहिणारा कारकून नुक्ते देतो, अर्धे देतो, कधी देतच नाही. आमच्या पावतीवर तीनही आहेत. मी विचारलं, "म्हणजे आजोबांनी आपलं नाव किशन सांगितलं?" ते म्हणाले, "नाही बेटा. आजोबांनी काय सांगितलं ते या कागदात नाही. लिहिणाऱ्याला हे नाव शीनने लिहायची सवय होती, एवढंच या कागदात आहे." मोडी वाचणाऱ्यांना असेच अनुभव येतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, तेही वाचणाराच ठरवतो.

तेव्हा माझ्या प्रबंधात आता एवढंच आहे : पावतीवरचा 'श' उर्दू कचेरीचा, 'किसन' हे रूप मात्र निजामाच्या हद्दीत मावत नाही. शीर्षक गेलं. प्रकरण उरलं.

तुम्ही म्हणाल, इतकी चिरफाड कशाला, नावात काय आहे. जालना जिल्ह्यात तरी हे कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तेव्हा गावोगाव लोक पणजोबा-खापरपणजोबांची नावं शोधू लागले. नोंदी उर्दूत, मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना एकदम किंमत आली. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो. पण तीन अक्षरी नोंद समोर ठेवून 'हाच आमचा पणजोबा' हे ठरवायची वेळ येते तेव्हा क-श-न चं काय वाचायचं, हा प्रश्न नुसता विद्यापीठातला राहत नाही. नोंद जुळली तर एका घराचं काही ठरतं, चुकीची जुळवली तर दुसऱ्याच घराचं ठरतं.

आता मी काम कसं करते, तेवढं सांगते, कारण मेलवर सारखं विचारलं जातं. नाव जसं लिहिलंय तसंच पहिल्या रकान्यात टाकते, काना-मात्रेसकट, चुकीसकट. त्याच्या शेजारी लिपी, मग कागदाचा प्रकार, मग लिहिणारा कोण असावा, आणि मग मला सगळ्यात आवडणारा रकाना : नाव कुणी सांगितलं. हा शेवटचा बहुतेक वेळा रिकामा राहतो. राहू दे. रिकामा रकाना बघितला की मला आजी दारात उभी दिसते. जुळवाजुळव सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा नुसत्या नावावर कधीच नाही. बापाचं नाव, गट, शेजारचा बांध, साल हे सगळं बघून. 'साफ' केलेलं नाव वेगळ्या रकान्यात असतं, पहिल्याला हात लावायचा नाही. आणखी एक : 'कृष्णा' दिसलं की बाई की पुरुष हे प्रोग्रामवर सोडू नका. तयार साधनं शेवटचा आकार बघून बिनधास्त 'स्त्री' लिहून मोकळी होतात. तसं पाहिलं तर कृष्णा ही नदीही आहे.

चार नावांचा हिशेब आमच्या घराला शेवटी द्यावा लागला तो २०१८ मध्ये. आजोबा १९९९ लाच गेले होते, पण वारस नोंदीचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. वाटणी करायची ठरली तेव्हा उताऱ्यावर किसन आणि बाकी कागदांवर कृष्णा, म्हणून प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. आजीला घेऊन मीच जाफराबादला गेले. टायपिस्टने मजकूर केला : किसन ऊर्फ कृष्णा हे एकाच इसमाचे नाव असून ते माझे पती होत. (हा 'ऊर्फ'ही अरबीतून आलेला, बघा.) टाइप झाल्यावर त्याने आजीला विचारलं, "आजी, नाव बरोबर आहे ना? एकदा तोंडानं सांगा बरं."

आजीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांग ना आता, काय होतंय. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. ती पदर सावरून बसली आणि म्हणाली, "देवकीचंच लेकरू हाये दोन्हीकडं. लाव अंगठा कुठं लावायचा ते."

टायपिस्ट माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला समजावून सांगितलं. तो हसला, शाईचा पॅड पुढे सरकवला. बाहेर आल्यावर आजीने बोट पदराला पुसलं, आणि म्हणाली, उसाचा रस पिऊ.